विमा-परिभाषेतील 'सोपविणे' : 'पुनर्विमा' व 'बाह्यस्रोत' या संज्ञांची चिकित्सा

१

शास्त्रीय परिभाषेची परीक्षा सामान्यतः दोन कसोट्यांवर केली जाते. संज्ञा नेमकी आहे की नाही, ही पहिली कसोटी. ती भाषेच्या प्रकृतीस मानवणारी आहे की नाही, ही दुसरी. विमाव्यवहाराच्या परिभाषेस आणखी एक तिसरी कसोटी लावणे अवश्य आहे. विम्याचा करार हा सर्वस्वी शब्दांचा व्यवहार होय. पैसे दिल्यानंतर विमा घेणाऱ्याच्या हाती जे पडते ते केवळ एक वचन असते. आणि त्या वचनाचा अर्थ त्याला आपत्ती कोसळल्यानंतर, म्हणजे मन सर्वांत अस्वस्थ असताना, लावावयाचा असतो. तेव्हा ज्या संज्ञेमुळे आपले देणे कोण लागतो हे त्याला कळत नाही, ती संज्ञा व्युत्पत्तीच्या दृष्टीने कितीही निर्दोष असली तरी सदोषच मानिली पाहिजे.

या तिसऱ्या कसोटीचे महत्त्व विशेषेकरून दोन ठिकाणी प्रत्ययास येते. विमा-कंपनीने स्वतः पत्करलेल्या गोष्टींपैकी काही भाग दुसऱ्याकडे सोपविण्याच्या दोन पद्धती आधुनिक व्यवसायात रूढ आहेत. पहिलीत जोखीम सोपविली जाते. तिला मराठीत 'पुनर्विमा' म्हणतात. दुसरीत काम सोपविले जाते. 'आउटसोर्सिंग' या इंग्रजी शब्दासाठी शासकीय मराठीत 'बाह्यस्रोत' किंवा 'बाह्ययंत्रणा' हे शब्द योजिले जातात. दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. जोखीम गेली किंवा काम गेले, तरी विमा घेणाऱ्याविषयीचे उत्तरदायित्व मूळ कंपनीकडेच राहते. हे जे मागे राहते, त्याचा मागमूस प्रचलित मराठी संज्ञांत सापडत नाही. हाच त्यांचा मुख्य दोष होय.

२

मराठीला या विषयाची शब्दसंपत्ती मुळातच नव्हती, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. सुजाणराय भंडारी यांच्या १६९५ च्या सुमारास लिहिलेल्या फारसी ग्रंथात सराफ मोबदला घेऊन माल मुक्कामी सुखरूप पोहोचविण्याची हमी घेत व त्या व्यवहारास 'बीमा' म्हणत, असा उल्लेख आहे. म्हणजे हा शब्द इंग्रजी कंपन्यांच्या कचेरीत जन्मलेला नव्हे. तो पेठेतून आलेला आहे. पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारात 'जोखमी हुंडी' नावाचा जो प्रकार रूढ होता, तोही या संदर्भात ध्यानात घेण्यासारखा आहे. सामान्य हुंडीचे पैसे ठरल्या वेळी मिळालेच पाहिजेत. जोखमी हुंडीचे पैसे मात्र गलबतातील माल बंदरास लागला तरच मिळत. माल बुडाल्यास हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसे बुडत. एकाच कागदात कर्ज आणि विमा हे दोन्ही व्यवहार सामावलेले होते, आणि कोणाची जोखीम कोणाच्या शिरावर गेली हे हुंडीच्या नावातच सांगितलेले होते. आजच्या परिभाषाकारांनी हा गुण लक्षात घ्यावयास हवा होता.

'जोखीम' या शब्दाची व्याप्तीही मोठी आहे. संभाव्य हानी हा त्याचा एक अर्थ. परंतु 'जोखमीचे काम' असे म्हणताना त्यात जबाबदारीचाही भाव येतो. ज्याने जोखीम पत्करली त्याने हानीची शक्यता आणि उत्तरदायित्व ही दोन्ही पत्करली, असे मराठी मनाला सहज वाटते. विमाशास्त्रात मात्र या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या होऊ शकतात; किंबहुना पुनर्विम्याचा सर्व व्यवहार या वेगळेपणावरच उभा आहे. शब्दाची ही संपन्नता म्हणूनच परिभाषेच्या दृष्टीने अडचणीचीही ठरते.

लोकभाषेत तर 'विमा' हा एकच शब्द संपूर्ण व्यवहार वाहून नेतो. शेतकरी 'विमा भरला' म्हणतो तेव्हा त्याला द्यावयाची रक्कम अभिप्रेत असते. 'विमा काढला' म्हणतो तेव्हा करार. आणि 'विमा मिळाला' किंवा 'विमा आला' म्हणतो तेव्हा भरपाई. क्रियापद बदलले की अर्थ बदलतो, आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. या लोकरूढीत परिभाषाकारांस एक धडा आहे : मराठीत विम्याचा अर्थ क्रियापदे सांभाळतात. तथापि परिभाषा घडविताना बहुधा नामेच घडविली गेली, आणि ती इंग्रजी नामांसमोर एकास एक अशी मांडली गेली.

३

मुख्य विषयाकडे वळण्यापूर्वी या पद्धतीचे परिणाम काही नेहमीच्या संज्ञांत पाहणे उपयुक्त होईल.

'प्रीमियम' या अर्थी 'हप्ता' हा शब्द सार्वत्रिक झाला आहे. हप्ता म्हणजे ठरल्या काळाने द्यावयाचा अंश. विम्याचे मूल्य पुष्कळदा हप्त्यांनी दिले जाते हे खरे. पण ते जोखमीचे मूल्य आहे, हप्ता ही केवळ ते देण्याची रीत आहे. म्हणूनच 'एकरकमी हप्ता' असा वदतोव्याघात करण्याची पाळी येते. हा दोष केवळ तर्काचा नाही. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून पीकविमा एक रुपयात मिळू लागला, आणि २०२५ मध्ये ही सवलत बंद झाली. त्या काळात विम्याचा 'हप्ता एक रुपया' असे सर्रास म्हटले गेले. वस्तुतः एक रुपया हा शेतकऱ्याने द्यावयाचा अंश होता; जोखमीचे मूल्य त्याहून पुष्कळ अधिक होते व ते सार्वजनिक तिजोरीतून दिले जात होते. मूल्य आणि अंश यांना एकच शब्द असल्यामुळे हे अंतर बोलण्यातून नाहीसे झाले. 'अधिमूल्य' हा घडविलेला पर्यायही समाधानकारक नाही. कारण तो भागभांडवलाच्या संदर्भात दर्शनी किंमतीहून अधिक किंमत या अर्थी रुळला आहे. 'विमामूल्य' हा साधा शब्द दोहोंपेक्षा सरस ठरेल.

'क्लेम' या अर्थी योजिला जाणारा 'दावा' हा शब्दही असाच आहे. मराठीत दावा न्यायालयात लावतात. करारानुसार आपले देणे मागणारा मनुष्य या शब्दामुळे आरंभापासूनच वादी ठरतो. 'विमेदार' या शब्दात निराळी अडचण आहे. 'कर्जदार' हा कर्ज घेणारा, परंतु 'जामीनदार' हा जामीन देणारा. तेव्हा विमेदार विमा घेणारा की देणारा, हे केवळ प्रत्ययावरून ठरत नाही. रूढीने तो घेणारा ठरला आहे आणि रूढी मान्य केलीच पाहिजे. पण त्यासमोर विमा देणाऱ्यास 'विमाकार' असे नाव नेमाने वापरले गेले तरच ती रूढी निर्धोक राहील. आयुर्विम्याव्यतिरिक्तच्या विम्यास हिंदीच्या अनुकरणाने 'साधारण विमा' म्हणणे हे तर मराठीत हास्यास्पदच होय. कारण मराठी वाचकाला त्यातून हलक्या प्रतीचा विमा असा बोध होण्याचा संभव आहे. उलट 'आयुर्विमा' हा शब्द पाहावा. तो संस्कृत आणि पेठेतील शब्द यांचा संधी असूनही इतका स्वाभाविक वाटतो की, १९५६ मध्ये स्थापन झालेल्या महामंडळाच्या मराठी नावात तो सहज सामावला. शब्दाचे कूळ नव्हे, तर त्याची अर्थवाहकता निर्णायक असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

४

आता 'पुनर्विमा' या संज्ञेचा विचार करावयाचा. 'पुनर्' या उपसर्गाचा अर्थ 'पुन्हा'. त्यामुळे या शब्दाचा सरळ अर्थ 'पुन्हा उतरविलेला विमा' असा होतो. परंतु एकाच मालकाने त्याच वस्तूचा पुन्हा दुसऱ्या कंपनीकडे विमा उतरविला, तर तो दुहेरी विमा होय, पुनर्विमा नव्हे. खंडित झालेल्या विम्याच्या पुनरुज्जीवनातही हाच उपसर्ग आहे. पुनर्विम्यात जे पुन्हा घडते त्याचा कर्ता बदललेला असतो : विमा घेणारा येथे स्वतः विमाकारच असतो, आणि मूळ विमेदार त्या करारात पक्षच नसतो. 'पुनर्' हा उपसर्ग क्रियेची आवृत्ती सांगतो, कर्त्याचा बदल सांगत नाही.

या व्यवहाराचा इतिहास पाहिला तर त्याचे मर्म स्पष्ट होते. पुनर्विम्याचा सर्वांत जुना ज्ञात करार १३७० मधील जिनोआचा आहे. जिनोआहून फ्लँडर्समधील स्लाईस बंदराकडे जाणाऱ्या मालाचा विमा घेतलेल्याने कादिझपर्यंतच्या भूमध्य समुद्रातील प्रवासाची जोखीम स्वतःकडे ठेविली आणि पुढच्या अधिक धोक्याच्या मार्गाची जोखीम दुसऱ्यांकडे सोपविली. इंग्लंडात १७४६ च्या कायद्याने सागरी पुनर्विम्यास, काही अपवाद सोडून, बंदी घातली होती. ती १८६४ मध्ये उठली. युरोपच्या भूमीवर मात्र आगींनी या व्यवसायास स्वतंत्र रूप दिले. हॅम्बुर्गच्या १८४२ च्या आगीनंतर कोलोन येथे १८४६ मध्ये केवळ पुनर्विम्यासाठी कंपनी निघाली. ग्लारूस हे स्विस नगर १८६१ मध्ये जळाल्यावर १८६३ मध्ये झुरिच येथे स्विस पुनर्विमा-कंपनी स्थापन झाली. एका नगराची जोखीम त्याच नगरात ठेवू नये, हा धडा राखेतून मिळाला. मुंबईनेही तो अनुभविला आहे. २६ जुलै २००५ च्या वृष्टीत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवशी हजारो निरनिराळी विमापत्रे ही विमाकाराच्या दृष्टीने एकच मोठी जोखीम होऊन बसतात.

ही जोखीम सोपविण्याचे प्रकार वर्णन करण्यास मराठीत शब्द नाहीत असे नाही. ज्या प्रकारात प्रत्येक विमापत्रातील ठराविक हिस्सा सोपविला जातो, तो बटईसारखा आहे. बटईत पीक चांगले येवो वा वाईट, वाटा ठरलेल्या प्रमाणात पडतो. चाळीस टक्के सोपविले असता दहा लाखांच्या हानीपैकी सहा लाख मूळ विमाकार सोशील व चार लाख पुनर्विमाकार. मूल्याची विभागणीही मुळात त्याच प्रमाणात. दुसऱ्या प्रकारात मर्यादा ठरविली जाते. पंचवीस लाखांपर्यंतची हानी विमाकाराची, त्यावरील पन्नास लाखांपर्यंतची पुनर्विमाकाराची, असे ठरल्यास चाळीस लाखांच्या हानीत पहिल्यावर पंचवीस व दुसऱ्यावर पंधरा लाखांचा भार येतो. आणि हानी वीस लाखांचीच झाल्यास पुनर्विमाकार काहीच देत नाही. पहिल्यास 'हिस्सेवार' व दुसऱ्यास 'मर्यादेवरील' पुनर्विमा म्हटल्यास शब्दच हिशेब सांगतात. तसेच एका वर्गातील सर्व जोखमी आधीच्या कराराने सोपविणे यास 'ठोक', आणि एकेक जोखीम स्वतंत्रपणे पुढे करून स्वीकारावयास सांगणे यास 'सुटा' पुनर्विमा म्हणता येईल. या दुसऱ्या प्रकारास 'ऐच्छिक' म्हणण्याची पद्धत आहे. परंतु इच्छा कोणाची, हे त्यातून कळत नाही.

प्रकारांच्या नावांपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. १९७२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या व मुंबईत मुख्य कार्यालय असलेल्या भारतीय सर्वसाधारण विमा महामंडळास २००० मध्ये राष्ट्रीय पुनर्विमाकाराचे स्थान मिळाले. सर्वसाधारण विमा-कंपन्यांनी आपल्या विमापत्रांपैकी बहुतेकांतील ठराविक अंश त्याच्याकडे सोपविलाच पाहिजे, असा नियम आहे. पूर्वी २० टक्के असलेला हा अंश क्रमाक्रमाने कमी होत २०२२-२३ पासून ४ टक्क्यांवर आला. म्हणजे मोटारीचा किंवा दुकानाचा विमा उतरविणाऱ्या सामान्य माणसाच्या करारातील काही भाग त्याच्या नकळत दुसरीकडे गेलेला असतो. त्याने त्याविषयी चिंता करण्याचे कारण नाही, कारण त्याचे देणे पूर्णांशाने मूळ कंपनीच लागते. १९६३ च्या भारतीय सागरी विमा कायद्यातही, विमापत्रात अन्यथा ठरले नसल्यास, मूळ विमेदारास पुनर्विम्यात हक्क नाही हे तत्त्व ग्रथित आहे. या तत्त्वाची बाजू दुहेरी आहे. पुनर्विमाकार बुडाला तरी मूळ कंपनीस संपूर्ण रक्कम द्यावी लागते. पण मूळ कंपनीच बुडाली, तर विमेदारास एरवी पुनर्विमाकाराच्या दारी जाता येत नाही. कित्येकदा तर मूळ विमाकार जवळजवळ सर्वच जोखीम सोपवून केवळ नावापुरता उरतो. अशा विमाकारास 'नामधारी' म्हणणे यथार्थ होईल. 'पुनर्विमा' हा शब्द यांतले काहीच सुचवीत नाही. तो जणू एका विम्यावर दुसऱ्या विम्याचे दुप्पट संरक्षण चढविले गेले, असे आश्वासन देतो.

५

'बाह्यस्रोत' या शब्दाचा दोष याहून गंभीर आहे. स्रोत म्हणजे प्रवाह किंवा उगम. बाह्यस्रोत म्हणजे बाहेरचा उगम. इंग्रजी शब्दाचे घटक सुटे करून त्यांचे भाषांतर केल्याचे हे फळ होय. मराठी वाचकास त्यातून बाहेरून काहीतरी आत येत असल्याचा भास होतो. वस्तुतः येथे आतले काम बाहेर दिलेले असते. 'बाह्ययंत्रणा' हा पर्याय काम करणाऱ्याचे नाव देतो, काम देणाऱ्याचे नाव गाळतो. उत्तरदायित्वाच्या दृष्टीने जो महत्त्वाचा, तोच शब्दातून नाहीसा होतो.

कायद्याने या बाबतीत परिभाषेपेक्षा अधिक स्पष्टता दाखविली आहे. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाच्या २०१७ च्या विनियमांनी काही कामे बाहेर देण्यास मनाई केली : गुंतवणुकीची कामे, विमायोजनांची आखणी, विमागणिताचे कार्य, विमेदारांच्या तक्रारींचे निवारण, तसेच जोखीम स्वीकारण्याविषयीचे व भरपाईविषयीचे निर्णय. नोंदी ठेवणे, कागद जुळविणे, दूरध्वनीवर माहिती देणे अशी साहाय्यक कामे बाहेर देता येतात. निर्णय देता येत नाही. २०२४ मध्ये हा विषय विमेदारांच्या हितरक्षणाच्या व्यापक विनियमात समाविष्ट करण्यात आला, ही गोष्टही सूचक आहे. काम बाहेर देणे ही कंपनीची केवळ अंतर्गत सोय नसून विमेदाराच्या हिताचा प्रश्न आहे, हे त्यातून मान्य झाले.

याच क्षेत्रातील आणखी एक संज्ञा विशेष विचारार्ह आहे. आरोग्यविम्यात रुग्णालय आणि विमा-कंपनी यांच्यामध्ये कागदपत्रांचे काम पाहणारी एक संस्था असते. तिच्या इंग्रजी नावाचे 'त्रयस्थ प्रशासक' असे भाषांतर केले जाते. आता मराठीत 'त्रयस्थ' म्हणजे केवळ तिसरा नव्हे. ज्याचा दोन्ही पक्षांशी संबंध नाही, असा तटस्थ मनुष्य. भांडण तोडण्यास त्रयस्थाला बोलावितात. ही संस्था मात्र विमा-कंपनीने नेमलेली असते व मोबदलाही कंपनीकडूनच घेते. रुग्णशय्येजवळ बसलेला नातेवाईक जर तिच्या उत्तरास तटस्थ पंचाचा निवाडा समजला, तर ती चूक त्याची नव्हे, भाषांतराची होय. २०१६ च्या विनियमांनुसार अशा संस्थेस भरपाईची मागणी परस्पर नाकारण्याचा अधिकार नाही. तो निर्णय विमा-कंपनीचा. 'कंपनीनियुक्त सेवासंस्था' असे सरळ नाव दिले असते, तर नकार ऐकताच कंपनीकडे लेखी निर्णय मागावा, हे सामान्य माणसास नावावरूनच सुचले असते. मोटारविम्यातील 'त्रयस्थ पक्ष' हा प्रयोग मात्र योग्य आहे. कारण वाहनाखाली सापडलेल्या पादचाऱ्याचा त्या कराराशी खरोखरच संबंध नसतो.

काम सोपविण्याचा हा ओघ परदेशातून महाराष्ट्राकडेही आलेला आहे. ब्रिटनच्या अविवा या विमा-कंपनीने भारत व श्रीलंका येथील आपली सेवाकेंद्रे २००८ मध्ये मुंबईत उदयास आलेल्या डब्ल्यूएनएस या संस्थेस विकली व कामाचा दीर्घ मुदतीचा करार केला. त्या केंद्रांत पुण्याचेही केंद्र होते. अशा केंद्रांमुळे विमाव्यवहाराची सूक्ष्म अंगे प्रत्यक्ष कामातून जाणणारी एक पिढी महाराष्ट्रात तयार झाली. परंतु हे ज्ञान इंग्रजीत मिळते आणि इंग्रजीतच वापरले जाते. परिभाषा-समित्यांच्या कोशांशी त्याचा संबंध क्वचितच येतो. ज्यांच्याजवळ अनुभव आहे त्यांना शब्द घडवावयाचे नाहीत, आणि जे शब्द घडवितात त्यांच्याजवळ अनुभव नाही, अशी ही विपरीत स्थिती आहे.

६

यावर असा आक्षेप संभवतो की, इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहावेत म्हणजे वाद मिटेल. पॉलिसी, प्रीमियम, क्लेम, एजंट हे शब्द खेड्यापाड्यांत रुळले आहेत, हे नाकारता येत नाही, आणि त्यांना हद्दपार करण्याचा अट्टाहासही योग्य नाही. परंतु जो शब्द केवळ वस्तूचे नाव असतो तो उसना घेऊन भागते. जो शब्द कोणी कोणाचे काय लागतो हे सांगतो, त्याचा अर्थ ऐकताच उमगला पाहिजे. 'आउटसोर्सिंग' हा शब्द रुळला तरी त्यातून उत्तरदायित्वाचा बोध होत नाही. दुसऱ्या टोकास डॉ. रघुवीर यांच्या १९५५ च्या कोशाने पुरस्कारिलेला संस्कृतनिष्ठ मार्ग आहे. त्यातील शिस्त अनुकरणीय आहे. तथापि प्रत्येक इंग्रजी नामासाठी एक संस्कृत नाम, ही त्याची रीत मराठीच्या क्रियापदप्रधान विमाभाषेस मानवणारी नाही.

या दोन टोकांमधील मार्ग 'सोपविणे' या परिचित क्रियापदात सापडतो. विमाव्यवहारात तीन गोष्टी सोपविल्या जातात. विमाकार पुनर्विमाकाराकडे जोखीम सोपवितो. विमाकार सेवासंस्थेकडे काम सोपवितो. आणि विमेदार आपल्या विमापत्रातील हक्क धनको किंवा अन्य व्यक्तीकडे सोपवितो. यांना अनुक्रमे 'जोखीम-सोपवणूक', 'काम-सोपवणूक' व 'हक्क-सोपवणूक' म्हटल्यास क्रिया एक असून कर्म निराळे आहे, हे स्पष्ट होते. तिसऱ्या प्रकारात सोपविलेला हक्क खरोखरच दुसऱ्याचा होतो. पहिल्या दोहोंत सोपविणारा मोकळा होत नाही. हा भेद मराठी कानाला नवा नाही. लेकरू शेजारणीकडे सोपवून गेलेली आई काही मातृत्वातून मुक्त होत नाही. 'पुनर्विमा' हा शब्द आता इतका रूढ आहे की तो काढून टाकता येणार नाही. परंतु त्याची व्याख्या देताना 'विमाकाराचा विमा' हे पाच अक्षरी व दोन अक्षरी शब्दांचे सोपे जोडपे आरंभीच द्यावे, आणि 'बाह्यस्रोत' हा शब्द मात्र अद्याप कागदांपुरताच असल्याने तो वेळीच सोडून द्यावा.

परिभाषा-समित्यांनी यापुढे या विषयाच्या प्रत्येक संज्ञेस तीन प्रश्न विचारावेत : काय सोपविले, कोणाकडे सोपविले, आणि सोपविणाऱ्याकडे काय उरले? ज्या शब्दातून वा त्याच्या व्याख्येतून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, तो विमापत्राच्या मराठी अनुवादात येऊ देऊ नये. जोखमी हुंडी लिहिणाऱ्या पेढीवाल्याने हे उत्तर कागदाच्या नावातच देऊन ठेविले होते. आजच्या विमेदारासही ते त्याच्या स्वतःच्या भाषेत मिळाले पाहिजे. कारण घर जळाल्यानंतर किंवा पीक वाहून गेल्यानंतर शब्दकोश उघडून बसण्याची सवड कोणालाच नसते.